सांथीच्या दिवसांत मन कां खचतें?

शरीरास ताप आला म्हणजे आपण कपाळावर हात ठेवतों, काढा करितों, डॉक्टरास बोलावितों. आणि 'तुझा स्वभावच तसा' असें त्या रोग्यास कोणीहि म्हणत नाहीं. मन आजारी झालें म्हणजे मात्र आपल्या खेड्यांत तीन उत्तरें तयार असतात. तो मुळांतच भित्रा आहे. त्याचा विश्वास कमी पडला. किंवा त्याला कांहीं बाहेरचें लागलें आहे. ह्या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. ती ही, कीं दोष त्या एकट्या मनुष्याच्या ठिकाणीं आहे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा त्यांत कांहीं संबंध नाहीं. प्रस्तुत पाठांत ह्याच समजुतीची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठीं २०२० सालीं आलेल्या कोरोनाच्या सांथीचें उदाहरण घेऊं, कारण ती आपण सर्वांनीं पाहिली आहे आणि तिच्याविषयीं खात्रीची माहितीहि पुष्कळ जमली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं ह्या रोगास जगव्यापी सांथ म्हटलें, आणि तिच्यामुळें जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं संपविली. मध्यंतरीं, मार्च २०२२ मध्यें, त्याच संघटनेनें असें प्रसिद्ध केलें कीं सांथीच्या पहिल्या वर्षांत चिंतारोग व खिन्नता ह्यांचें जगांतील प्रमाण शेंकडा २५ नें वाढलें. म्हणजे पूर्वीं जेथें असे चार रोगी होते तेथें पांच झाले. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत २०२१ सालीं आलेल्या एका मोठ्या अभ्यासांतहि जवळजवळ हेंच आढळलें. आणि त्यांत आणखी असें दिसलें कीं ही वाढ पुरुषांपेक्षां स्त्रियांत व वृद्धांपेक्षां तरुणांत अधिक होती.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ह्या रोगानें मरण्याचा धोका वृद्धांस अधिक होता, आणि स्त्रियांपेक्षां पुरुषांस अधिक होता. मग मनाचें दुखणें उलट बाजूस कां वाढावें? केवळ मरणाच्या भयानें मन खचत असतें, तर असें झालें नसतें. तेव्हां विषाणूचा मार्ग एक आणि मन खचण्याचा मार्ग दुसरा, हें उघड आहे. तो दुसरा मार्ग मजुरीवरून, घराच्या चार भिंतींमधून, शेजाऱ्यांच्या जिभेवरून आणि स्मशानावरून जातो.

शरीराच्या रोगाविषयीं तरी ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाहीं. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ मुंबईस आली, तेव्हां त्या शहरांतील मृत्यूंची नोंद जातवार व धर्मवार ठेवलेली होती. दर हजारीं युरोपियन लोकांत ८.३ आणि पारशांत ९ माणसें दगावलीं. हिंदी ख्रिस्ती लोकांत १८.४, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांस त्या काळच्या कागदांत खालच्या जातींचे हिंदु म्हटलें आहे त्यांत ६१.६. शहर तेंच, रोग तोच, महिनेहि तेच. परंतु कोणाच्या वांट्यास हवेशीर बंगला आला, कोणाच्या वांट्यास दहा माणसांची अंधारी खोली. कोणास आठ दिवस अंथरुणावर पडून राहण्याची सवड होती. कोणी तापांतच गिरणीच्या दारांत उभा राहिला, कारण खाडा पडला असता तर चूल पेटली नसती. रोग जातपात पाहत नाहीं असें म्हणतात. तो पाहत नसेल. पण तो ज्या घरांत शिरतो तें घर जातीनें व पैशानें आधींच ठरवून ठेवलेलें असतें.

आतां हाच नियम मनास लावून पाहूं.

प्रथम पोटाचा विचार. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीं ती लागू झाली. मध्यें अवघे चार तास. ज्याच्या घरीं धान्याची कोठी भरलेली आणि ज्याचा पगार महिन्याच्या महिन्यास बँकेंत जमा होणारा, त्यानें दार लावून घेतलें. ज्याची मजुरी संध्याकाळीं हातांत पडते आणि त्याच संध्याकाळीं वाण्याकडे जाते, त्यानें काय करावें? सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी ह्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें त्या एप्रिल महिन्यांत देशांतील १२ कोटींहून अधिक लोकांचें काम गेलें, आणि त्यांत फार मोठा भाग रोजंदार मजुरांचा व लहान व्यापाऱ्यांचा होता. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, कसाऱ्याच्या घाटांत, डोक्यावर बोचकें आणि कडेवर मूल घेऊन चालणारीं कुटुंबें त्या उन्हाळ्यांत पुष्कळांनीं पाहिलीं. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील कांहीं मजूर रेल्वेच्या रुळांवरून भुसावळच्या दिशेनें निघाले होते. करमाडजवळ थकून ते रुळांवरच निजले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखालीं सांपडून त्यांतील १६ जण मेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचें छायाचित्र देशभर छापून आलें.

त्या मजुरांच्या मनाची जी तळमळ झाली तिला कोणी भित्रेपणा म्हणेल काय? शेंकडों मैल पायीं चालावयास निघालेला मनुष्य भित्रा नसतो. तो निराधार झालेला असतो, आणि ह्या दोन गोष्टींत महदंतर आहे.

काम गेलें म्हणजे केवळ पैसा जातो असें नाहीं. सकाळीं उठण्याचें कारण जातें. दिवसाचे तुकडे पाडणारा भोंगा बंद होतो, आणि मग रात्र व दिवस एकमेकांत मिसळून झोप उडते. ज्या पुरुषानें गांवीं दरमहा मनीऑर्डर पाठवून घरांत मान मिळविलेला असतो, तो रिकाम्या हातानें परत आला म्हणजे बापाच्या समोर बसावयास लाजतो. त्यांतच सावकाराचा किंवा बचतगटाचा हप्ता चुकतो. कर्जाची चिंता अशी आहे कीं ती मनांतील सर्व जागा व्यापते. दुसरा विचार करावयास ठावच उरत नाहीं, आणि मग बायकोनें साधी गोष्ट विचारली तरी मनुष्य अंगावर धांवून जातो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ह्याचा स्वभाव बिघडला.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत आत्महत्यांची संख्या २०१९ सालीं १,३९,१२३, २०२० सालीं १,५३,०५२ आणि २०२१ सालीं १,६४,०३३ अशी दिली आहे. शेवटच्या सालच्या आंकड्यांत ४२,००४ रोजंदार मजूर होते, म्हणजे दर चारांत एक. असें मरण एका कारणानें क्वचितच येतें, आणि हे आंकडे केवळ सांथीमुळें वाढले असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. तसेंच नोंद होत नाहीं अशीं मरणेंहि असतात. तथापि कोणत्या घरांत हें दुःख अधिक शिरलें तें ह्यांवरून दिसल्यावांचून राहत नाहीं.

आणि जेथें पोटाची काळजी दुसऱ्या कोणीं वाहिली तेथें मनासहि विसांवा मिळाला. केरळांत टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांतच ग्रामपंचायतींनीं व स्त्रियांच्या गटांनीं मिळून हजाराहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरें चालविलीं, आणि परप्रांतांतील मजुरांस 'पाहुणे कामगार' असें नांव दिलें. नांवानें पोट भरत नाहीं हें खरें. परंतु जेवणाबरोबर पाहुणा म्हणून हांक येणें आणि जेवणाबरोबर हिडीसफिडीस येणें ह्यांचा परिणाम मनावर सारखा होत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पांच रुपयांवर आणिली, हीहि त्या काळांतील एक चांगली गोष्ट होती. थाळी ही मनाच्या औषधांत मोडते असें कोणी डॉक्टर लिहून देणार नाहीं. मी तरी तसें मानतों.

दुसरी गोष्ट घराची. 'घरीं राहा' हा उपदेश सर्वांस सारखाच झाला. पण घरें सारखीं नव्हतीं. मुंबईची धारावी सुमारें अडीच चौरस किलोमीटरांत वसली असून तेथें आठ लाखांहून अधिक लोक राहतात असा अंदाज आहे. एका खोलींत आठ दहा माणसें, कांहीं दिवसपाळीचीं, कांहीं रात्रपाळीचीं. आणि शौचास जावयाचें तर सार्वजनिक संडासापुढें रांग. अशा खोलींत पूर्वीं सगळीं माणसें एकाच वेळीं कधीं नसतच. गल्ली, ओटा, नाका, कारखाना हीं सारीं त्या घराचीं अंगणें होतीं. टाळेबंदीनें अंगणें काढून घेतलीं आणि तेवढी खोली ठेविली. आपल्याकडील खेड्यांत निदान शेत होतें, झाडाखालीं बसावयास सोय होती. तरीहि परगांवाहून आलेल्या मुलास शाळेच्या खोलींत चौदा दिवस एकटें ठेविलें तेव्हां त्याच्या आईनें दुरून डबा ठेवून परत जाणें हें त्या दोघांसहि किती जड गेलें असेल, ह्याचा विचार करावा.

बंद दारामागें सर्वांत अधिक भार स्त्रियांवर पडला. नवरा घरीं, मुलें घरीं, सासू आजारी. पाणी आणावयाचें, भांडीं घासावयाचीं, आणि हात पुनःपुनः धुवावयास सांगितल्यामुळें पाण्याच्या खेपा आणखी वाढलेल्या. ज्या घरांत मारहाण होती तेथें मारणारा आणि मार खाणारी दोघेंहि चोवीस तास एकत्र कोंडलीं गेलीं. राष्ट्रीय महिला आयोगाकडे येणाऱ्या घरगुती छळाच्या तक्रारी टाळेबंदी सुरू होतांच वाढल्या, आणि एप्रिल २०२० मध्यें आयोगास मोबाईलवरून संदेशानें तक्रार घेण्याची निराळी सोय करावी लागली. कारण जिचा नवरा शेजारीं बसला आहे ती फोनवर बोलणार कशी? पूर्वीं तिला माहेर होतें, पाणवठा होता, रविवारची उपासना होती, बचतगटाची बैठक होती. ह्या ठिकाणीं ती तोंडानें कांहीं बोलत नसेल. पण तिचा चेहरा कोणीतरी पाहत असे. तरुणांपेक्षां वृद्धांची, किंवा पुरुषांपेक्षां स्त्रियांची मनें मुळांतच नाजुक असतात असें म्हणणाऱ्यांनीं वरील अभ्यास आणि ही परिस्थिति शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी.

मुलांविषयीं थोडेंच लिहितों, कारण तें दुःख आपल्या शिक्षकबंधूंस अधिक ठाऊक आहे. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या त्या कित्येक मुलांसाठीं दीड वर्ष उघडल्या नाहींत. धडे मोबाईलवर आले आणि मोबाईल घरांत एक, तोहि बापाच्या खिशांत. ज्या मुलींचीं लग्नें त्या अवधींत उरकून घेण्यांत आलीं त्यांच्या मनाची विचारपूस अजूनहि कोणी केलेली नाहीं.

आतां तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत लाजिरवाणी वाटते. ती म्हणजे बोट दाखविणें.

सांथ आली म्हणजे भ्यालेल्या लोकांस कोणीतरी दोषी लागतो. मार्च २०२० मध्यें आपल्या राज्यांत घरीं अलग राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारूं लागले. हेतु वाईट नव्हता. पण शिक्का पाहून कित्येकांस गाडींतून उतरविलें गेलें. पुढें घरांच्या दारांवर पाट्या लागल्या. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अधिकाऱ्यांनीं कायद्यानुसार खास हुकूम दिल्यावांचून अशा पाट्या लावूं नयेत. रोगी बरा होतो, पाटी काढतात, आणि तरी दळणाच्या गिरणीवर त्या घरच्या बाईस लोक दूर उभे राहावयास सांगतात. हा दुसरा आजार पहिल्यापेक्षां अधिक दिवस टिकतो.

दिल्लीच्या निजामुद्दीन येथील मेळाव्यांत रोग पसरला हें कळतांच सगळ्या मुसलमान समाजावर खापर फोडलें गेलें. भाजी विकणाऱ्या गरीब फेरीवाल्यांस नांव विचारून गल्लींतून हांकलून लाविल्याच्या बातम्या त्या एप्रिलांत ठिकठिकाणांहून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठानें २१ ऑगस्ट २०२० रोजीं परदेशांतून आलेल्या तबलीगी पाहुण्यांवरील फिर्यादी रद्द केल्या, आणि ह्या लोकांस बळीचे बकरे केलें गेल्याचें निकालपत्रांत दाखविलें. न्याय मिळाला, परंतु त्या पांच महिन्यांत मुसलमान फेरीवाल्याच्या मुलानें गल्लींत जें ऐकलें तें कोणत्या निकालपत्रानें पुसलें जाणार?

आणि आपणहि ह्या छळापासून सुटलों नाहीं. एप्रिल २०२० मध्यें चेन्नई शहरांत कोरोनानें वारलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टराचें प्रेत दफन करावयास नेलें असतां जमावानें अडविलें, गाडीवर दगड फेकले, आणि शेवटीं त्याच्या एका डॉक्टर मित्रानें रात्रीं दुसऱ्या दफनभूमींत, हातीं फावडें घेऊन, त्यास मूठमाती दिली. ज्यानें लोकांची शुश्रूषा केली त्याची ही गति. मेलेल्यास ह्याचें कांहीं वाटत नसेल; परंतु त्या दिवशीं देशांतील हजारों परिचारिकांनीं व डॉक्टरांनीं ती बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या पुनः कामावर गेल्या. गांवोगांव घरें तपासत फिरणाऱ्या आशा सेविकांस तर दारावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, आणि मोबदला इतका थोडा कीं जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांनीं संप केला. मन खचावयास आणखी काय हवें?

बोट दाखविण्याची शिक्षा अखेर सर्व गांवास भोगावी लागते, हें १८९७ च्या प्लेगानें पुण्यास शिकविलें होतें. त्या वेळीं सोल्जर घरांत शिरत, माणसें छावणींत नेत, सामान जाळीत. पंडिता रमाबाईंनीं 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत प्लेगच्या इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयीं उघडपणें लिहिलें. परिणाम असा झाला कीं लोक रोगी लपवूं लागले. २०२० सालींहि खोकला लपविणारे पुष्कळ निघाले. ते रोगास जितके भीत होते तितकेच शेजाऱ्यांस भीत होते. लपविलेला रोग शरीरांत वाढतो आणि लपविलेलें भय मनांत वाढतें.

चौथी गोष्ट शोकाची. आपल्याकडे मनुष्य मेला म्हणजे गांव जमतें. कोणी रडतो, कोणी लाकडें किंवा खड्डा पाहतो, कोणी चहा करून आणितो. तिसऱ्या दिवशीं, दहाव्या दिवशीं, महिन्यानें पुनः माणसें येतात. शिकलेल्या लोकांस ह्यांतील कांहीं भाग पोकळ वाटतो, आणि थोडा असेलहि. परंतु ह्या येण्याजाण्यानें एक मोठें काम होत असतें: मेलेला मनुष्य खरोखर गेला हें मनास हळूहळू पटतें, आणि राहिलेला मनुष्य एकटा नाहीं हेंहि पटतें. सांथींत हें काम अर्धवट राहिलें. अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें नकोत असा नियम होता. इस्पितळांतून प्रेत पिशवींत बांधून येई, आणि कित्येकांस तोंडहि पाहावयास मिळालें नाहीं. एप्रिल व मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत तर एकाच घरांतून आठवड्यांत दोन दोन माणसें गेलीं. मंदिरें बंद होतीं, आम्हां पाळकांस घरोघर जातां येत नव्हतें. ज्यांचा शोक त्या वेळीं पुरा झाला नाहीं त्यांच्या मनांत तो आजहि उघडा आहे. एखादी बाई चार वर्षांनीं नवऱ्याचें नांव काढून अचानक रडूं लागते, तेव्हां 'अजून काय रडतेस' असें म्हणणाऱ्यांनीं तिच्या दारीं त्या दिवसांत किती माणसें आलीं होतीं हें आधीं मोजावें.

विधवांच्या बाबतींत शोकावर आणखी एक ओझें चढतें. सांथींत तीस पस्तीस वर्षांच्या कित्येक स्त्रिया विधवा झाल्या. ज्या क्षणीं तिला धीर हवा त्याच क्षणीं चार बायका येऊन तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र व जोडवीं काढून घेतात. आणि पुढें लग्नकार्यांत तिला मागें उभी करितात. आपल्या मंडळ्यांत कुंकवाचा प्रश्न नसला तरी 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आपल्याहि घरांत ऐकूं येतो, हें नाकारून चालणार नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांत हेरवाड म्हणून एक गांव आहे. त्या गांवाच्या ग्रामसभेनें ४ मे २०२२ रोजीं ठराव केला कीं ह्या गांवीं विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें ह्या प्रथा बंद. दोन आठवड्यांच्या आंत, १७ मे रोजीं, राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें सांगितलें. मला ह्या ठरावाचें मोल फार वाटतें. विधवेच्या मनाचें दुखणें वाढविणारी एक गोष्ट त्या गांवानें ओळखली, आणि औषधाची बाटली न आणितां, शहरांतील तज्ज्ञाची वाट न पाहतां, ती दूर केली. एका ठरावानें सर्वांच्या संवयी बदलत नाहींत, हें ठाऊक आहे. तरी आतां कोणी बाई 'माझ्या बांगड्या राहूं द्या' म्हणाली तर तिच्या पाठीशीं गांवचा कागद आहे.

वर लिहिल्यावरून मनाच्या रोगास वैद्य नको असा अर्थ कोणीं काढूं नये. दोन आठवडे झोप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, आवडीच्या कामांतहि मन रमत नाहीं, आपण सर्वांस ओझें झालों असें मनुष्य बोलूं लागला, किंवा मरणाची भाषा करूं लागला, तर त्यास एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं जी राष्ट्रीय पाहणी केली तींत असें दिसलें कीं मनाचे विकार असलेल्या दहांपैकीं सात ते नऊ जणांस कोणताच उपचार मिळत नाहीं. हें सांथीच्याहि आधींचें आहे. ठाणें, पुण्याजवळील येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. पण बहुतेक रोग्यांस तेथवर जावें लागत नाहीं, जिल्हा रुग्णालयांत दाखविलें तरी चालतें. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलीमानस' नांवाची सरकारी सोय सुरू झाली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीं अपरात्रीं केव्हांहि फोन केला तरी पैसे पडत नाहींत आणि मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक मंदिराच्या दारावर रंगवून ठेवावा. तसेंच, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मनुष्यास पोलिसांचें भय घालूं नये; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणें तो अतिशय मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावयाचें असून, त्यास शिक्षा नव्हे तर उपचार द्यावयाचे आहेत.

राहतां राहिला विश्वासाचा प्रश्न. खचलेल्या मनुष्यास 'प्रार्थना वाढव' एवढेंच सांगून जे परत फिरतात त्यांनीं पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पुनः वाचावा. एलीया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत बसला, तेव्हां त्याला प्रथम भाकर व पाणी मिळालें आणि दोन वेळां निजूं दिलें. प्रश्न त्यानंतर विचारला गेला. एलीयाचा विश्वास कमी होता असें आजवर कोणा उपदेशकानें म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

हा पाठ मंडळीच्या बैठकींत घ्यावयाचा असल्यास नुसता वाचून संपवूं नये. वडीलमंडळानें व भगिनीमंडळानें आपल्या गांवचीं घरें एकेक करून आठवावींत. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोणत्या घरीं मरण आलें आणि त्या घरीं कोण गेलें नाहीं? कोणाचें काम सुटलें तें पुनः लागलें नाहीं, आणि कोणाचें कर्ज त्या वर्षांपासून अद्याप फिटलेलें नाहीं? शहरांतून परत आलेला कोणता तरुण लग्नकार्यास येत नाहीं? कोणत्या मुलीची शाळा तेव्हां सुटली ती सुटलीच? कोणा शेजाऱ्याशीं, मग तो आपल्या मंडळीचा असो वा नसो, त्या दिवसांत बोलणें बंद झालें तें अजून बंद आहे? नांवें कागदावर लिहूं नयेत, कारण असले कागद गांवांत फिरतात. प्रत्येक घरासाठीं दोन माणसें ठरवावींत; तीं शक्य तों त्याच गल्लींतील असावींत, आणि पहिल्या भेटींत त्यांनीं सांथीचा विषय आपण होऊन काढूं नये. जावें, चहा दिला तर घ्यावा, शेताचें व मुलांचें विचारावें, आणि पुढच्या आठवड्यांत पुनः जावें.